कासवपाठीवरची सुरय

त्या दिवशी सकाळी रतन ओहोळांना बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीची पुरती खात्री वाटली, आणि त्या खात्रीनं ते घाबरूनच गेले.

एप्रिल संपत आला होता. खडकवासल्याचं पाणी ओसरून काठापासून बरंच आत गेलं होतं आणि दर उन्हाळ्यात वर येणारा तो उंचवटा उघडा पडला होता. चारी बाजूंनी पाणी, मधे फुगीर, कडांना उतरता. आसपासचे लोक त्याला कासवपाठ म्हणत. पहाटेच्या धुरकट उजेडात काठ आणि पाणी यांतला फरक पुसला जाई, तेव्हा तो उंचवटा खरंच हलल्यासारखा वाटे. जणू एखादं भलंमोठं जुनं जनावर श्वास घ्यायला वर आलंय, जरा वेळानं पुन्हा बुडी मारणार आहे.

त्या पाठीवर गोट्यांमध्ये एक नदी सुरय बसली होती. काळी टोपी, पिवळी धमक चोच, राखाडी अंग. ओहोळ चहाच्या टपरीमागच्या टेकाडावर, करंजाखाली उभे होते. खालच्या काठावरून पाठीचा माथा आड येई. इथून मात्र पलीकडचा उतारही दिसे. सुरय उठली, दोन पावलं बाजूला झाली, आणि दुर्बिणीत तीन अंडी दिसली. दगडांच्याच रंगाची, तपकिरी शिंतोडे उडाल्यासारखी. ओहोळांनी डोळे मिटले, उघडले. तीनच होती.

असं मिटून उघडून बघायची त्यांची जुनी खोड. पाटबंधारे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षं एकच काम केलं. सकाळी आठ वाजता धरणाच्या भिंतीशी रोवलेल्या पट्टीवर पाणी कुठपर्यंत आलंय ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि वरच्या कचेरीला फोनवर सांगायचं. आकडा वाचला की ते पुन्हा वाचत. वहीत उतरवला की पुन्हा भिंतीपर्यंत जाऊन बघून येत. साहेब म्हणायचे, ओहोळ, तेवढ्यात पाणी काय मंडईत जाऊन येतंय का? ओहोळ हसत आणि तिसऱ्यांदा बघून येत.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. पत्नी सहा वर्षांमागे गेली. मुलगी आम्रपाली हिंजवडीत नोकरीला, राहायलाही तिकडेच. धायरीच्या दोन खोल्यांत ओहोळ आणि त्यांची पुस्तकं. पण पाण्याची सवय सुटली नव्हती. पहिल्या बसनं ते धरणावर येत, काठाकाठानं चालत आणि पक्षी बघत. पक्ष्यांविषयीची पुस्तकं त्यांना पानंच्या पानं पाठ होती. महिन्यातून एकदा शहरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या मंडळाबरोबरही ते जात, सगळ्यांच्या मागे. झाडावर काय बसलंय असं कुणी विचारलं तर त्यांना उत्तर माहीत असे; पण बोलावं की नाही हे ठरेपर्यंत पक्षी उडून जाई.

हे मंडळ दरवर्षी एक पातळशी पुस्तिका काढी. कुठला पक्षी कुठं, केव्हा आणि कुणाला दिसला, याची नोंद. ओहोळांनी तिचे सगळे अंक अथपासून इतिपर्यंत वाचले होते. त्यांचं नाव कुठंच नव्हतं, कारण त्यांनी कधी काही कळवलंच नव्हतं. आणि शहराच्या इतक्या जवळ सुरयेनं अंडी घातल्याची नोंदही त्यात कुठंच नव्हती.

ते टेकाडावरून उतरले. खाली तुळजाबाईंची टपरी. पत्र्याचं छप्पर, भजीची कढई, मक्याच्या कणसांची रास, चार प्लास्टिकची स्टुलं. पन्नाशी उलटलेल्या तुळजाबाई तोंडानं फटकळ होत्या आणि ओहोळांना गेली आठ-नऊ वर्षं रोज पहिला चहा त्याच देत. त्यांनी चहा पुढे केला आणि चेहरा बघून विचारलं, बरं न्हाई का?

ओहोळांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून सांगितलं. तुळजाबाईंना काही विशेष वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "ती व्हय? आठ दिस झाले बसलीय. ऊन चढलं की पोट पाण्यात बुडवून येती आन् वल्या पोटानं बसती. म्या बघितलंय की."

ओहोळांनी हे पुस्तकात वाचलं होतं. तापलेल्या दगडांवर अंडी शिजू नयेत म्हणून सुरय पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर गारवा धरते. पण तुळजाबाईंनी ते भजी तळता तळता बघितलं होतं. ओहोळांना आपली लाजही वाटली आणि आनंदही झाला. आठ दिवस झाले म्हणजे अजून दोन आठवडे. दोन आठवडे त्या पक्ष्याला कुणी उठवलं नाही तर पिल्लं बाहेर येणार.

उठवणार कोण, हेही त्यांना लगेच कळलं. तुळजाबाईंचा मुलगा रणजित खाली धक्क्यावर रंगीत होड्या पुसत होता. त्या हलक्या, वल्ह्यानं चालवायच्या प्लास्टिकच्या होड्या. तो त्यांना कायाक म्हणे. शहरातली तरुण मंडळी रविवारी पहाटे येत, केशरी जाकिटं घालून पाण्यात उतरत. उन्हाळ्यात रणजित त्यांना कासवपाठीवर नेई. तिथं सूर्योदय, थर्मासातला चहा आणि फोटो. येत्या रविवारपासून यंदाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या होत्या.

रणजितशी बोलायला हवं होतं. ओहोळ धक्क्यापर्यंत गेले. रणजित म्हणाला, "या काका, आज कायाकमध्ये बसताय का? फर्स्ट राइड माझ्याकडून." ओहोळ नको नको म्हणाले, पाणी यंदा बरंच उतरलंय असं काहीतरी बोलले आणि परत आले. जरा वेळानं पुन्हा गेले. त्या खेपेला ऊन फार आहे असं बोलले. पाण्याच्या काठी उभा जन्म गेला पण ओहोळ कधी होडीत बसले नव्हते, तसंच हे. काठापर्यंत यायचे आणि थांबायचे.

घरी जाताना बसमध्ये त्यांना उपाय सुचला. बोलता येत नाही तर लिहावं. पाटी लावावी.

पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही. इथं दाराची घंटा किती वेळा वाजवावी हेसुद्धा माणूस तोंडानं सांगत नाही, पाटीवर लिहितो. त्यात ओहोळ खात्यातले. नोटीस लागली की गोष्ट बंद, एवढं सरळ गणित त्यांच्या मनात होतं. खात्यातली नोटीस मुळात कुणी वाचत नसे, हे मात्र त्यांना त्या वेळी आठवलं नाही.

दोन दिवस ते पाटी लिहीत होते. पहिल्या मसुद्यात सुरयेची लांबी, शेपटी, खाद्य असं सगळं आलं. ते खोडलं. दुसऱ्या मसुद्यात "सक्त मनाई" होतं. ते वाचून त्यांचे त्यांनाच कान गरम झाले. शेवटी शुक्रवारी पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगानं, कचेरीतल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात उतरलं ते असं:

"समोरच्या उंचवट्यावर नदी सुरय पक्ष्याने तीन अंडी घातली आहेत. पक्षी उठल्यास उन्हाने अंडी नासतात. तरी कृपया पंधरा दिवस तिकडे जाऊ नये, ही नम्र विनंती."

पाटी रणजितच्या हातात देताना ते खाली बघत होते. पण रणजितनं काहीच आढेवेढे घेतले नाहीत. उलट पाटी वाचून तो खूश झाला. "एक नंबर काका. आपण पंधरा दिवस पलीकडच्या काठाला जाऊ, तिकडंबी भारी व्ह्यू हाय." धक्क्याच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल अशी, त्यानं स्वतः ती ठोकली.

त्या दुपारी ओहोळ घरी गाढ झोपले. स्वप्नात पाण्याची पट्टी होती आणि तिच्यावर आकडे नव्हते. पाणी कितीही चढलं-उतरलं तरी कुणी विचारत नव्हतं. पाण्याखाली रस्ते दिसत होते, झाडं दिसत होती, त्या झाडांच्या फांद्यांतून मासे सावकाश जात होते, आणि सुरय त्यांच्यामधून पाखरानं हवेत उडावं तशी उडत होती, अंगाला थेंब न लागता. जागे झाले तेव्हा संध्याकाळ झाली होती. किती तरी वर्षांनी असं झोपलो, असं त्यांना वाटलं.

शनिवारी रात्री आम्रपालीचा फोन आला. ती हसत होती. "बाबा, तुमचं अक्षर आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलंय. फोटो बघताक्षणी ओळखलं मी. सगळे म्हणतायत, उद्या चला, अंडी बघायला."

ओहोळांनी फोन ठेवला आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

रविवारी पहिल्या बसनं पोचले तर रस्त्यावर दुतर्फा गाड्या. धक्क्यावर पाटीभोवती घोळका. कुणी पाटीबरोबर फोटो काढत होतं, कुणी मुलाला खांद्यावर घेऊन उंचवटा दाखवत होतं. एक बाई आपल्या यजमानांना म्हणत होत्या, अहो, नम्र विनंती लिहिलंय, पुण्यातली पाटी वाटतच नाही. रणजितच्या भोवती गर्दी. तो हात जोडून सांगत होता की तिकडं जाणार नाही. लोक म्हणत होते, लांबून बघू, उतरणार नाही, फक्त लांबून. माणूस लांबून म्हणतो तेव्हा ते अंतर ज्याचं त्याच्या मनात असतं. आठ वाजता रणजितचा धीर सुटला. तीन होड्या निघाल्या.

ओहोळ टेकाडावर धावले. होड्या पाठीपासून पन्नास पावलांवर थांबल्या, मग तीस. सुरय उठली. ओरडत वर गेली, वळली आणि पुढच्या होडीतल्या रणजितच्या डोक्यावर अशी तिरकी कोसळली की त्यानं वल्हं सोडून दोन्ही हातांनी डोकं झाकलं. काठावर टाळ्या पडल्या. ओहोळ घड्याळाकडे बघत होते. उन्हाला आता धार आली होती. तीन मिनिटं. पाच. सुरय पुन्हा पुन्हा झेपावत होती आणि प्रत्येक झेपेला काठावरून मोबाइल वर होत होते. अंडी उघडी. नऊ मिनिटं. अकराव्या मिनिटाला होड्या मागे फिरल्या. सुरय खाली पाण्यावर आली, पोट टेकवत, उचलत, पुन्हा टेकवत गेली, आणि अंड्यांवर जाऊन बसली. ओहोळही करंजाखाली बसले.

धक्क्यावर आलेल्या रणजितच्या टोपीवर पांढरा ओघळ होता. तुळजाबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि भरल्या गर्दीत म्हणाल्या, "बरं झालं. तिनं तरी तुझी पूजा बांधली." लोक हसले. रणजितनं टोपी पाण्यात खळबळून धुतली. नंतर ओहोळांच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसला आणि म्हणाला की काका, बाई लई जिगरबाज हाय, आपल्याला सगळ्यांना एकटी पुरून उरली.

ओहोळ त्याला रागावले नाहीत. रागवायला तोंड कुठं होतं? पाटी कुणी लिहिली होती? लोकांना काय माहीत होतं इथं काय आहे ते? आठ दिवस ती बसली होती, तुळजाबाईंशिवाय कुणाला पत्ता नव्हता. मनाई करता करता त्यांनी आमंत्रण लिहिलं होतं, तेही सुवाच्य.

त्यांनी त्याच दिवशी पाटी काढायला सांगितली. रणजितनं काढली. पण फोनाफोनांतून फिरणारा तिचा फोटो कोण काढणार?

मंगळवारी मंडळाच्या अनिरुद्धांचा फोन आला; पाटीचा फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि ती कुणाची हे त्यांनी रणजितला विचारून घेतलं होतं. अनिरुद्ध म्हणजे मंडळाचे सर्वेसर्वा. पुस्तिका तेच संपादित करत. बोलणं कोरडं, तुटक, पण पक्ष्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द प्रमाण. बारा वर्षांत त्यांनी ओहोळांना नावानं हाक मारल्याचं ओहोळांना आठवत नव्हतं. आणि आता ते म्हणत होते, "ओहोळ, ही नोंद महत्त्वाची आहे. रविवारी मी येतो. बरोबर पंधरा-वीस जण असतील, कॅमेरे असतील. होडीतून जाऊन नीट फोटो घेऊ, म्हणजे कुणी शंका काढायला नको. पुस्तिकेत पहिल्या पानावर टाकतो. निरीक्षक म्हणून नाव तुमचं."

ओहोळ हो म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की आपण हो म्हणालो.

पुढचे चार दिवस त्यांनी ते पहिलं पान किती वेळा बघितलं असेल! नाव कसं छापतील, रतन ओहोळ की र. ओहोळ? आम्रपालीला एक प्रत पाठवायची. मग डोळ्यांसमोर ती अकरा मिनिटं येत. पाच-दहा मोठ्या नळकांड्यांचे कॅमेरे, प्रत्येकाला हवा तसा उजेड मिळेपर्यंतचा वेळ. अकराची तीस मिनिटं होतील. रविवारपर्यंत एकोणीस दिवस झालेले असतील. आत पिल्लांचा आकार आला असेल. तीन-चार दिवसांचा प्रश्न, फक्त तीन-चार दिवसांचा.

अनिरुद्धांना फोन करून नका येऊ म्हणावं? त्यांनी तीनदा नंबर काढला. पण अनिरुद्ध म्हणणार, आम्ही काळजी घेऊ, आम्ही काय पर्यटक आहोत का? शिवाय, हे ते स्वतःशीसुद्धा फार हळू बोलले, त्यांना ते पान हवं होतं.

रविवार उजाडला. पाण्यावर धुकं नव्हतं, पण धुक्याचा आभास होता. डोंगर, झाडं, होड्या, सगळं जरासं अधांतरी. धक्क्यावर मंडळाचे लोक जमले होते. हिरवट टोप्या, खिसेवाल्या बंड्या, खांद्यावर तोफा ठेवाव्यात तसे कॅमेरे. मागून पाटीचा फोटो बघून आलेले हौशे-गवशेही पन्नासेक. अनिरुद्ध सगळ्यांत पुढे, हात मागे बांधून. रणजितनं होड्या काढल्या होत्या पण पाण्यात लोटल्या नव्हत्या. तो ओहोळांकडे बघत होता.

ऊन चढू लागलं तसे ओहोळ टेकाडावरून उतरून आले. अगदी आत्ताच त्यांनी बघितलं होतं: सुरय उठली होती आणि पोट भिजवायला पाण्यावर दूर निघून गेली होती. जोडीदार मासे धरायला गेलेला. कासवपाठ रिकामी दिसत होती. खालून तर नुसते दगड. फार तर दोन मिनिटं.

"या, ओहोळ," अनिरुद्ध म्हणाले. "कुठं आहे बाई?"

आणि ओहोळ बोलले. बोलावं की नाही हे ठरायच्या आतच बोलले, आणि इतक्या मोठ्यानं की कणसं भाजणाऱ्या तुळजाबाईंनी मान वर केली.

"नाहीये. चूक झाली माझी. ती अंडी नव्हती. दगड होते."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"दगड," अनिरुद्ध म्हणाले.

"हो. गोटे. रंग तसाच असतो. पक्षी नुसता टेकला होता, मला वाटलं... मी पुन्हा नीट बघितलं. दगडच आहेत."

"पाटीवर तीन लिहिलं होतंत."

"तीन दगड होते."

आता सगळेच हसले. ओहोळांच्या कानांच्या पाळ्या जळत होत्या. अनिरुद्धांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही चौतीस वर्षं या धरणाची पातळी लिहीत होतात ना? मग पुण्याचं नशीबच थोर म्हणायचं."

ओहोळ मान हलवत राहिले. अनिरुद्धांच्या मागे, त्यांच्या खांद्यापलीकडे, पाण्याला लागून एक पांढरा ठिपका येत होता. टेकत, उठत, टेकत. ती परत निघाली होती. हे लोक अजून धक्क्यावर होते, निम्म्यांची तोंडं पाण्याकडे, आणि कॅमेऱ्यांवरची झाकणंही काढलेली.

तेवढ्यात टपरीकडून चर्र असा मोठा आवाज झाला. तुळजाबाईंनी कांद्याच्या भजीचा अख्खा घाणा एका दमात तेलात सोडला होता. वास सुटला. "म्हातारबाबाच्या डोळ्यांचं काय खरं धरताय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काल चहात मीठ टाकून प्यायले आन् वर साखर बरी पडलीय म्हणले. इतक्या लांब आलाय तर गरम गरम खाऊन तरी जा. पयला घाणा हाय."

पहाटे चारला उठून, उपाशीपोटी, पंचवीस किलोमीटर आलेली माणसं. साठ-सत्तर चेहरे पाण्याकडून कढईकडे वळले. ओहोळांचा तेवढा वळला नाही. ओल्या पोटाची सुरय पाठीवर उतरली, पंख मिटले, अंग हलवून अंड्यांवर नीट बसली. माथ्याआड काळ्या टोपीची रेघ तेवढी उरली, आणि ती दगडाची सावलीसुद्धा असू शकली असती.

अनिरुद्धांनी रणजितला विचारलं की तरी एकदा जाऊन बघू या का, खात्री करायला. रणजितनं होडीवर हात ठेवला. पंधरा-वीस माणसांची फेरी होती, सकाळ सगळी त्यावरच होती. तो म्हणाला, "काल मी जाऊन आलो, सर. दगडच हायत. आन् कडंला गुडघाभर चिखल. तुमचे कॅमेरे खराब व्हतील." मग त्यानं आवाज चढवून सांगितलं की पलीकडच्या काठाला बगळ्यांची मोठी शाळा भरलीय, कुणाला यायचं असेल तर चला. काही गेले, काही भजी खाऊन पांगले. जाताना एकानं ओहोळांच्या पाठीवर थाप मारली आणि काका, चष्मा बदला, असा सल्ला दिला.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर अनिरुद्धांचा संदेश आला: "कासवपाठीवरील दगड सुखरूप. उबवणे चालू आहे." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. ओहोळांनी ती रांग शेवटपर्यंत वाचली. पुस्तकांच्या भिंतीसमोर बसून ते बराच वेळ रडले, आणि आपण नक्की कशासाठी रडतोय हे त्यांना ठरवता आलं नाही.

चौथ्या दिवशी अंडी नव्हती. टेकाडावरून त्यांना आधी गोट्यांवर नुसतीच कवचं दिसली. मग एक गोटा चालायला लागला. मग दुसरा. तिसऱ्यासाठी त्यांना पाऊण तास थांबावं लागलं. तो दगडाच्या सावलीत झोपला होता. खाली येऊन त्यांनी तुळजाबाईंना तीन बोटं दाखवली. तुळजाबाईंनी चहात जास्तीची साखर टाकली.

मे सरत आला. दुपारी पाणी आणि आकाश एकाच रंगाचे होत. वरच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली, तशी कासवपाठ रोज बोटभर लहान होऊ लागली. पण पिल्लांचे पंख त्याहून भराभर वाढत होते. पाठीच्या टोकावर उभी राहून ती वाऱ्याकडे तोंड करून पंख फडफडवत, क्षणभर जमिनीवरून उचलली जात आणि गोंधळून खाली बसत. ओहोळ ते बघताना आपलेही खांदे हलवत, आणि लक्षात आलं की थांबत.

एका बुधवारी अनिरुद्ध आले. एकटेच, कॅमेरा नाही. ओहोळांना नमस्कार करून ते शेजारच्या स्टुलावर बसले. दोघं पाण्याकडे बघत होते. चोचीत चांदीसारखा मासा धरून एक सुरय आली, कासवपाठीच्या पलीकडे उतरली आणि रिकाम्या चोचीनं वर आली.

"त्या दिवशी बोलत माझ्याशी होतात," अनिरुद्ध म्हणाले, "आणि बघत माझ्या खांद्यावरून होतात. घरी गेल्यावर लक्षात आलं."

ओहोळांनी दुर्बिणीची काच पुसली.

"मला सरळ सांगितलं असतंत तर?"

"आला नसतात का?" ओहोळांनी विचारलं. विचारून झाल्यावर आपण विचारलं याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

अनिरुद्धांनी यावर विचार केला. खरं सांगायचं तर आलो असतो, असं म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी नोंदीचा विषय काढला. पुस्तिका पावसाळ्यानंतर निघते. तोवर पिल्लं कुठल्या कुठं गेलेली असतील, आता लपवायचं कारण नाही. जागा, तारीख, तीन अंडी, तीन पिल्लं. ग्रुपवरही ते खुलासा करणार होते, स्वतःच्या शब्दांत. "पहिलं पान अजून मोकळं आहे. नाव रतन ओहोळच ना?"

समोर एक पिल्लू उचललं गेलं होतं. या वेळी ते खाली बसलं नाही. वेडंवाकडं, कलंडत, पाण्यावरून हातभर उंचीनं ते गेलं, वळता येत नाही म्हणून सरळच गेलं, आणि त्याची आई ओरडत त्याच्या वर उडत राहिली.

"नको," ओहोळ म्हणाले. "पुढच्या एप्रिलमध्ये ती परत येईल. छापलं की लोकही येतील."

"म्हणजे दगडच?"

"दगडच."

अनिरुद्धांनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. "मग मी इथं कशाला आलो होतो म्हणून सांगू?"

ओहोळांनी शेगडीकडे बघितलं, अनिरुद्धांकडे बघितलं. "कणीस खायला," ते म्हणाले. "पण त्याचीही खात्री करून घ्या. चष्मा लावून."

तुळजाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की धक्क्यावरच्या रणजितनं वळून पाहिलं. अनिरुद्ध हसले नाहीत. पण त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, समोर आलेलं कणीस उलटंसुलटं करून तपासलं, आणि दुसरं ओहोळांसाठी मागितलं. लिंबू-तिखट चोळलेली कणसं खात दोघं बसले. पाण्यावर पिल्लू अजून सरळच चाललं होतं. कुठं थांबायचं ते त्याचं त्यालाच कळायचं होतं.